शेजारची खेळपट्टी

माय, तुला क्रिकेटातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आजही हसत सगळ्यांना सांगते. लष्करी छावणीच्या मैदानावर इतकी वर्षं तू सामन्यांचं जेवण रांधलंस, पण पाठ कायम खेळाकडं आणि तोंड चुलीकडं. मी पंच झाले तेव्हा तू विचारलंस, "तू कुणाच्या बाजूनं?" म्हटलं, कुणाच्याच नाही. तर तुझं तोंड एवढंसं झालं. "मंग जेवायला कुणासंगं बसतीस गं?" मला हसू आवरेना, आणि तू मात्र खरोखरच घोर लावून घेतलास. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन माणसांचा डबा भरायला लागलीस, एकटीला घास उतरत नाही म्हणून. तू गेल्याला बरीच वर्षं झाली, पण सामन्याच्या दिवशी मी अजून तसाच डबा भरते.

गेल्या रविवारचं सांगायचं होतं. शहरातल्याच एका मैदानावर मुलींचा सामना होता आणि मोठ्या संघासाठी पोरी हेरायला निवड समितीची दोन माणसं येऊन बसली होती. एका संघाची कर्णधार सिल्लोडकडची, आपल्यातलीच, धनगराची पोर. बाप अजून मेंढरं घेऊन फिरतो. काटकुळी, उन्हानं रापलेली, आणि बॉल असा टाकते की बघत राहावं. एवढ्या मोठ्या माणसांपुढं ती पहिल्यांदाच खेळत होती, आणि पटापट विकेटी काढत होती. समितीतला एकजण तर खुर्ची पुढं ओढून बसला.

पण त्या विकेटी तिच्या एकटीच्या नव्हत्या, ही खरी पंचाईत. आदल्या रात्री पाण्याची नळी चालू राहिलेली. खेळपट्टीच्या एका टोकाला पाणी मुरलं होतं, वरून उन्हानं पापुद्रा धरलेला आणि खाली नुसता गाळ. सकाळी टणक वाटली, पण ऊन चढलं तसा पापुद्रा फुटायला लागला. एकाच जागी पडलेला एक बॉल जमिनीला घासत जायचा, दुसरा थेट गळ्याशी. समोरच्या संघाच्या एका पोरीच्या उजव्या हाताची बोटं ठेचली, ती बाहेर गेली. पुढचीच्या कानाजवळून बॉल सुंकन गेला. मी हात वर करून खेळ थांबवला. त्या टोकाहून माझे जोडीदार पंच आले. छावणीतलेच, माझ्याहून वयानं मोठे, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी वाकून अंगठा दाबला, तो नखापर्यंत आत गेला. "मॅडम, ये अब पिच नई रही. किसी बच्ची का मूँ फूटता देखो." मला पटलं होतं. तरी वाटलं, आपल्या पोरीची ही ओव्हर तेवढी होऊ द्यावी का? तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. एवढं मनात आलं, आणि मग मी स्टंपवरच्या बेल्स उचलून खिशात टाकल्या.

नियम तसा सरळ आहे. खेळपट्टी धोक्याची झाली असं दोन्ही पंचांचं मत पडलं की खेळ बंद. शेजारच्या खेळपट्टीवर जायचं तर दोन्ही कर्णधारांनी हो म्हणायला पाहिजे. एकीनंही नाही म्हटलं की सामना तिथंच मोडला, ना हार ना जीत. पण नियम कागदावर सरळ असतो, मैदानावर त्याला माणसं भेटतात. आयोजक धावत आले. "मॅडम, बक्षीस द्यायला पाहुणे निघालेत हो! वरून थोडी माती टाका, रोलर फिरवा, चालतंय. कोण बघतंय?"

हे "कोण बघतंय" ऐकलं आणि मला थेट तू दिसलीस. मे महिना आहे, मांडवात दोन्ही संघ पंगतीला बसलेत, पानं मांडून झालीत, आणि तू पातेल्याचं झाकण काढून नुसता वास घेतेस. वांग्याची भाजी आंबलेली. मी तेव्हा कॉलेजात, हातात वाढायची पळी. तेव्हाचा आयोजक तुझ्या कानाशी लागलेला, "मावशी, मारा थोडं तिखट वरून, कोण बघतंय?" तू पदर खोचून मांडवाच्या मधोमध गेलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललीस, "पोरायनो, भाजी आंबली. कुणी हात लावू नका. जरा दम धरा, पिठलं टाकते." पोरं हसली, कुणी शिट्टी मारली, आयोजक लालबुंद. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तू बेसन कालवत मला झापलंस, "लाज कशाची गं? आंबली ती उन्हानं. वाढली असती तर ती म्या वाढली असती." आणि त्या पोरांनी त्या दिवशी पिठल्यावर असा हात मारला की पुढं दर सामन्याला, मावशी पिठलं करा, म्हणून मागं लागायची.

मग काय, मीही मधोमध उभी राहिले. दोन्ही संघांना गोल बोलावलं आणि मोठ्यानं सांगितलं, ही खेळपट्टी खेळण्यासारखी राहिली नाही, चूक तुमच्यातल्या कुणाचीच नाही, पण यावर आता एकही बॉल पडणार नाही. बॅटिंगवाल्यांची कर्णधार लगेच हो म्हणाली, तिचं काय जात होतं! आपली पोर मात्र भडकली. "मॅडम, घाम म्या गाळला, विकेटी म्या काढल्या, आन आता पिच खराब व्हय? मी नाय जात दुसरीकडं." डोळ्यांत पाणी, पण मान ताठ. तिचं तरी काय चुकलं? तिला समजावायचा मला अधिकार नव्हता, पंचानं कुणाचं मन वळवायचं नसतं. मी एवढंच म्हटलं, आधी जेवून घ्या, मग सांग.

ताडपत्रीवर दोन्ही संघ एकत्रच जेवायला बसले. मी आणि चाचा जरा बाजूला, आपला दोन माणसांचा डबा उघडून. माझी नजर तिच्याकडंच. तिच्या शेजारी ती बोटं ठेचलेली पोर बसलेली, डाव्या हातानं भाकरी मोडायला बघतेय आणि भाकरी काही मोडत नाही. आपली पोर आधी तिरपं बघत राहिली. मग तिनं तिची भाकरी ओढून घेतली, कुस्करली, वर कालवण ओतलं आणि ताट तिच्यापुढं सरकवलं. हात धुऊन सरळ माझ्यासमोर आली. "चला मॅडम, शेजारच्या पिचवर." चाचा डब्याकडं बघत म्हणाले, "माशाल्ला." मी पाणी प्यायचं निमित्त केलं.

शेजारची खेळपट्टी पुढच्या सामन्यासाठी राखलेली होती. रोलर फिरला, चुन्याच्या रेघा मारल्या, खेळ जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू. आणि तिला चोप बसला गं! समितीतला तो माणूस खुर्ची मागं घेऊन मोबाइल बघायला लागला. पण ती टाकत राहिली. सामना हातातून निसटत आला तेव्हा तिनं एक बॉल असा आपटला की चांगल्या, कोरड्या खेळपट्टीवरून तो छातीएवढा उठला, बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात. टच्चकन आवाज पार सीमारेषेपर्यंत गेला. मी बोट वर करायच्या आतच बॅट्समन चालायला लागली होती. सामना तिचा संघ हरलाच. पण परत जाताना ती माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तिकडं बॉल आपोआप उठत व्हता. ह्यो म्या उठवला." असं हसली की काय सांगू तुला! निवड होईल न होईल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होते, आणि येताना बेसन आणलं.

हा कागद पंचाच्या कोटाच्या खिशात ठेवते, परवाच्या धुण्यात कोटाबरोबर विरून जाईल. तू विचारलं होतंस, तू कुणाच्या बाजूनं, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, कुणाच्याच नाही. रविवारी मी तिच्या बाजूनं होते, माय, पहिल्या बॉलपासून. तिच्या बाजूनं असूनच तिचा खेळ थांबवला. चाचांना सांगितलेलं नाही.