झारानच्या व्हेलाचा चेहरा

अ‍ॅस्टोरिया, क्वीन्स
१४ ऑक्टोबर १९८१

प्रिय अर्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील, तर अर्धं काम झालं. रोचेस्टरला बहिणीकडे असतोस असं कळलं. थंडी सुरू झाली असेल, छाती जप. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, हात मात्र अजून शाबूत आहे. कॉन्चेटा म्हणते, ह्या नवऱ्यातला तेवढाच एक भाग धड चालतो. परवा तिनं चीज घालून वांगी भाजली होती. तू दोनदा मागून घ्यायचास, त्याची तिला आठवण झाली. मी विषय बदलला.

आपल्या कॉमिकमधले झारानचे पाच अजून लढताहेत, बरं का. हल्ली नवी पोरं काढतात. ओर्गच्या दंडात इतके स्नायू भरलेत की बिचाऱ्याला स्वतःची पाठ खाजवता येणार नाही. जुळे आता सूर्यातून आरपार जातात आणि केस विस्कटत नाहीत. त्यांनी नवा पाचवा आणलाय, पण व्हेलाला कुणी परत आणलं नाही. ह्या धंद्यात मेलेलं माणूस दोन अंकांत उठून बसतं, तुला माहीत आहे. ती मात्र मेली ती मेलीच.

गेल्या महिन्यात वाचकांच्या मेळाव्यात मला सह्या करायला बसवलं होतं. एक मुलगी एकतिसावा अंक घेऊन आली. नर्स आहे म्हणाली. सतरावं पान उघडून तिनं माझ्यासमोर ठेवलं. झारानचा कायदा तूच केला होतास, की योद्ध्यानं शिरस्त्राण फक्त शेवटच्या लढाईत काढायचं. तीस अंक लोकांनी व्हेलाच्या चेहऱ्याची वाट पाहिली होती.

ती मुलगी म्हणाली, "मी तेव्हा दहा वर्षांची होते, तरी मला हा चेहरा खोटा वाटला होता. एवढी लढून दमलेली बाई, आणि साबणाच्या जाहिरातीसारखी हसतेय."

भांडायला नव्हती आली, सहज बोलली. मी सही केली आणि अंक परत दिला.

आता दुसरी बातमी. कंपनीनं गोदामातली जुनी मूळ पानं परत द्यायला घेतली आहेत. वाटणी नेहमीचीच, तुझ्यासारख्या पेन्सिलवाल्याला जास्त, त्यावर शाई फिरवणाऱ्या माझ्यासारख्याला थोडी. तुझी तुला मिळाली असतील. माझ्या वाट्याला पाच आली, आणि त्यांत सतरावं आहे.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहितोय बघ. तुझ्या सेल्माचं नाव लिहायला घाबरतोय मी.

तू ते पान काढलंस त्या आठवड्यात तिला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं, आणि कशासाठी आणलं होतं ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत तिनं कॅमेरा जवळ येऊ दिला नाही. पण एका दुपारी ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि तुला म्हणाली, काढ. हे मला नंतर कॉन्चेटाकडून कळलं. तोच चेहरा तू व्हेलाला दिलास.

अंक छापून आला तेव्हा सेल्माला जाऊन दोन महिने झाले होते. तू फोन केलास आणि एवढंच विचारलंस, "आल्डो, ती कुठे गेली?"

मी सांगितलं, संपादकाचा फोन आला होता, ग्रीलीला देखणा चेहरा हवा होता, माझा नाइलाज झाला. तू ग्रीलीशी भांडलास. तो नाही नाही म्हणत राहिला, तू त्याला खोटारडा ठरवलंस आणि काम सोडलंस. तुला आधी विचारलं नाही म्हणून माझ्याशीही बोलणं टाकलंस. ग्रीली गेल्या वर्षी वारला.

आता ते पान माझ्यासमोर आहे. कडेला निळ्या पेन्सिलीनं, छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही त्या निळ्यानं, ग्रीलीच्या अक्षरात लिहिलंय: 'चेहरा अप्रतिम. आल्डो, ह्याला हात लावू नकोस.'

कुणाचा फोन आला नव्हता, अर्विन.

ब्रश बुडवून मी डोळ्यापाशी आलो आणि तिला ओळखलं. खोल गेलेले डोळे, वर आलेली गालांची हाडं, आणि समोरच्याला जराही सूट न देणारी ती नजर. त्या बाईच्या हातचं मी किती जेवलो होतो. मला ती तशी बघवेना. वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. मी गाल भरले. डोळ्यांखालचं काळं काढलं. ओठांना कोपऱ्यात थोडं हसू दिलं. मी तिला बरी केली रे. शाई वाळल्यावर खोडरबर फिरवून खालची तुझी पेन्सिल पुसली, नेहमीसारखी, आणि भुगा फुंकून टाकला.

पान तुला पाठवायचं हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण त्याआधी मी पट्टी आणि पातं घेऊन बसलो. कडेची बोटभर पट्टी कापली की निळी ओळ गेली, आणि मी सुटलो. कापताना शाई खरवडू नये म्हणून पान पालथं घातलं.

तुझी खोड मी साफ विसरलो होतो. अवघड चेहरा आधी पानाच्या पाठीवर काढायचास आणि दिव्याच्या काचेवर धरून पुढे उतरवायचास. माझा खोडरबर पुढच्याच बाजूवर फिरतो. सेल्मा पाठीवर आहे. गळ्याशी ओढलेला स्वेटर, मागे तुमची ती पोचा आलेली केटली, खाली तारीख. एक रेघही पुसलेली नाही.

अकरा वर्षं ती गोदामात पालथी पडून होती, आणि छापून झालेली पानं कंपनी फेकून देते असंच आपण धरून चालायचो, म्हणून तिचा तो चेहरा जगात उरलाच नाही असं तू समजत होतास. माझ्यामुळे.

पातं ठेवून दिलं. पान सोबत आहे, चारही कडा जशाच्या तशा. आधी पाठ बघ. मग कधी वाटलं तर पुढची बाजू, आणि कडेची ओळ. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण आता आणखी खोटं नको. मी वाट बघणार आहे.

तिला पुसणारा,
आल्डो