तुमच्या नावाचं गंगाफळ

आबा, आज तुमची तिथी. पारोळ्याहून मोठे काका दर वर्षी येतात आणि गोवरीच्या निखाऱ्यांवर तूप आणि घास सोडून तुमच्या नावाची आगारी टाकतात. यंदा नाल्याचं पाणी रस्त्यावर आलंय, त्यांची एसटी सुटलीच नाही. म्हणून सकाळी आई म्हणाली, तू टाक. मी सरळ नाही म्हटलं. तुम्ही जिवंत असताना तुमच्यापुढे ताट ठेवायलाही मी घाबरायचे. आता मेल्यावर का म्हणून वाढायचं?

वाद नको म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले. पावसामुळे कॉलेजला सुट्टी होती. सोमवारी प्रॅक्टिकलचं जर्नल द्यायचंय, त्यासाठी मैत्रिणीच्या जर्नलच्या झेरॉक्स काढून ओढणीखाली धरल्या. एवढ्या पावसात जळगावात कोरडी गोवरी शोधणं काय असतं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही, घरचं काम तुम्ही केलंत कधी? शेवटी पूजेच्या सामानाच्या दुकानात प्लास्टिकमध्ये बांधलेल्या गोवऱ्या मिळाल्या. मग मंडईतून गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, मोठी फोड घेतली. आमच्याकडे ते वर्षातून एकदाच शिजतं, तुमच्या तिथीला. काका, आत्या चाटूनपुसून खातात आणि म्हणतात, आबाला फार आवडायचं. मी त्या भाजीला आजवर हात लावलेला नाही. माणूस गेला तरी आई त्याच्याच जिभेची चाकरी करते, असं पुटपुटत मी चिखलातून घरी आले.

तुम्ही सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन उत्तरेकडे निघालात की आई पोळ्या लाटताना गुणगुणायची. तुम्ही परत आलात की घर गप्प. एकदा वरणात मीठ कमी पडलं म्हणून तुम्ही तिला भरल्या ताटावरून उठवलंत, आणि तुमचं जेवण होईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाचवीत होते. पानातली पोळी तशीच धरून बसले होते. त्याच वर्षी तुम्ही गेलात. सगळे रडत होते, मी रडले नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

दुपारी मी स्वयंपाकघरात बसून जर्नल उतरवत होते. आईने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "त्यांच्या आवडीची भाजी आहे ना, मग त्यांनीच येऊन खावी."

आईने कढईवर झाकण ठेवलं. "तुना बापले कधी आवडे हाई? माले आवडस."

माझं पेन थांबलं. मग ती कढईकडेच बघत सांगत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा तिने हौसेने गंगाफळ केलं होतं. तुम्ही त्याला ढोरांचं खाणं म्हणालात, आणि पुन्हा ते उंबऱ्याच्या आत आलं नाही. तुमच्या पहिल्या तिथीला आजीने विचारलं, त्याला काय आवडायचं गं? आईच्या तोंडून गंगाफळ निघून गेलं. तेव्हापासून तुमचा सख्खा भाऊ दर वर्षी तेच तुम्हाला खाऊ घालतोय.

मी उठले. गोवरी पेटवली, निखारे फुलल्यावर तूप सोडलं आणि तुमच्या नावाने घास टाकला. चांगला मोठा टाकला, पोळी कमी आणि भाजी जास्त. आई पदर तोंडाला लावून शेजारी उभी होती, पण रडत नव्हती. मलाही फार बरं वाटलं, आबा, लपवत नाही.

नंतर आम्ही दोघी जेवायला बसलो. आता ती पडलीय आणि मी जर्नलच्या मागच्या पानावर हे लिहितेय. सोमवारच्या आत पान फाडून टाकीन, पाठवणार तरी कुठे? एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगते, तिला कधी सांगणार नाही. इतकी वर्षं मी तुमच्या रागाने ती भाजी खात नाही, असंच समजत होते. आज आईसाठी पहिल्यांदा खाल्ली. मलाही ती आवडत नाही. आई म्हणाली, अजून वाढू का, तर मी ताट पुढे केलं.