ट्यूब न बांधता

आप्पा,

गाडी अजून दारातच आहे, आणि लिव्हरला बांधलेली तुमची ट्यूब मी कापून टाकली आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे राग कशाचा धरायचा ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत असेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो. शाळा तिथेच सुटली. केडगावच्या एका गॅरेजमध्ये लागलो, तो अजून तिथेच आहे. इतकी वर्षं माणसं वाहणारी तुमची जीप ताडपत्रीखाली उभी होती. काका अधूनमधून सुरू करायचे, ओढ्यापर्यंत नेऊन परत आणायचे. पण फोर व्हील कोणी टाकत नव्हतं. गिअरबॉक्सच्या मागे असतो तो बॉक्स, इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा, त्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. गॅरेजमध्ये त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. तुम्ही ‘बारका बॉक्स’ म्हणायचात. माळाच्या चढावर, कातळापाशी आलं की त्याचा लिव्हर खट्ट करून आपोआप सुटायचा, पुढची चाकं मोकळी व्हायची आणि भरलेली जीप मागे घसरायला लागायची. त्यावर तुमचा उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. एक वेढा लिव्हरला, दुसरं टोक डॅशबोर्डखालच्या पाइपला, आणि दात ओठांवर दाबून मारलेली गाठ. खाली डांबरी रस्त्याला लागलं की नेमकं उलटं व्हायचं. ट्यूब सोडली तरी लिव्हर निघायचा नाही. मग तुम्ही गाडी थोडी रिव्हर्स घेता, टाचेने लिव्हरला लाथ घालता, आणि मागच्या बाकावरून एखादी म्हातारी विचारते, "काय आप्पा, बैल बसला व्हय?" तुम्ही म्हणता, "बसला न्हाई मावशे, रुसलाय." सगळी जीप हसते. मीही हसतो. अडचणीवर हसून मोकळं व्हायची ती रीत मला तेव्हा फार आवडायची. आता आवडत नाही.

पारनेरच्या बाजाराचा एक दिवस मात्र मी विसरलेलो नाही. गिऱ्हाईक उतरवून तुम्ही गाडी चिंचेखाली घेतलीत, मागचे ब्रेक उघडलेत आणि नट धुवायला मला दिलेत. मी ते रॉकेलमध्ये धुतले, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, प्रत्येकाशेजारी त्याचा त्याचा वायसर, आणि सगळे आहेत ना म्हणून पुन्हा पाहिलं. काका आणि तुमचे दोन जीपवाले सोबती बाजूला चहा पीत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "बघा, आमच्या चिरंजीवांनी नटांची पूजा मांडलीय. नारळ आना रे कुनीतरी." तेही मी सोसलं असतं. पण मी विचारलं, की बारका बॉक्स एकदा खोलून बघू का. तेव्हा तुमचं हसू गेलं. "त्याला हात लावायचा न्हाई. खोललेला बॉक्स परत पहिल्यावानी बसत न्हाई. आन तुझ्या हाताला भ्या हाय. धा येळा बघतो तरी तुझा तुझ्यावर इस्वास न्हाई. गाडीला असला हात कळतो." आणि काकांकडे वळून म्हणालात, "माझ्यामागं ही भंगारात घाल, पन याच्या हाती देऊ नको." मी नट गोळा केले आणि तुमच्यापुढे ठेवले. एकही कमी नव्हता.

हे वाक्य काकांनी जपून ठेवलं. या वर्षी आईने आणि मी वरच्या माळावर डाळिंब लावलं. वर पाणी नाही, ड्रम भरून न्यावे लागतात. भाड्याचा ट्रॅक्टर मनाला येईल तेव्हा यायचा, आणि दोन पाळ्या चुकल्या तेव्हा कडेच्या रोपांनी पानं टाकली. मी म्हणालो, जीप काढतो. काका म्हणाले, "भंगारवाला सोमवारी येतोय. आप्पाचा शब्द हाय, मी मोडनार न्हाई." आई सुपात बाजरी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडीबी त्यांची, शब्दबी त्यांचाच. पन माळावर पानी आता त्यांना न्यायचं न्हाई, आपल्याला न्यायचंय." मग काका मला म्हणाले, "असं कर. ड्रम भरून, ट्यूब न बांधता कातळ चढून दाव. चढलास तर ऱ्हाऊ दे गाडी. न्हाई चढलास तर सोमवारी मधी बोलायचं न्हाई."

मी बॉक्स खोलला, आप्पा. तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही, पण ते आठवत असतानाच खोलला. खाली अंगणात पोतं अंथरलं, वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक भाग मांडला, तसाच, ओळीने. लिव्हर जागेवर धरून ठेवणारी एक छोटी गोळी असते, तिच्यामागची स्प्रिंग मरून गेली होती. गिअरच्या दातांच्या कडा थोड्या गोल झाल्या होत्या. बेअरिंग चांगले होते. स्प्रिंग आणि गोळी नवी टाकली, सगळं बसवलं, ऑइल भरलं आणि खोललेला बॉक्स पहिल्यासारखा बसला. मग ड्रम भरले आणि चढाला लागलो. कातळापाशी लिव्हर खट्ट करून सुटला. मी ब्रेकवर उभा राहिलो, ड्रममधलं पाणी माझ्या पाठीवर आलं, आणि बांधावरून काका ओरडले, "झाली का पूजा?" आवाजसुद्धा तुमचाच वाटला.

गाडी तशीच खाली घेतली, दगड लावला आणि समोरच्या बांधावर जाऊन बसलो. गाडीला हात लावायचीही इच्छा नव्हती. तिथून ती पहिल्यांदाच नीट बाजूने दिसली. ड्रम भरलेले असूनही तिचं ढुंगण वर होतं. मागचे टायर पुढच्यांपेक्षा मोठे होते. ते तुम्ही कुठून तरी रिमोल्ड करून, जुन्यावर नवं रबर चढवून आणले होते, ते मला आठवत होतं, कारणही आठवत होतं. बाजाराच्या दिवशी मागे माणसं कोंबली की जीप बसायची, आणि बसलेली जीप बघून गिऱ्हाईक जागा नाही म्हणून दुसऱ्या जीपकडे जायचं. मोठे टायर घातल्यावर तुमची गाडी भरलेली असूनही रिकामी दिसायची. मी उठलो, पुढच्या आणि मागच्या टायरवर खाली खडूने रेघ मारली आणि काकांना गाडी ढकलायला लावली. "आता हे काय नवीन?" म्हणत त्यांनी ढकलली. पुढच्या चाकाची रेघ पूर्ण फेरा करून परत जमिनीला टेकली, तेव्हा मागची रेघ टेकायला अजून वीतभर बाकी होती.

म्हणजे फोर व्हील टाकली की एकाच वेगाने फिरायला बांधलेली पुढची आणि मागची चाकं आपसात भांडायची, आणि ते भांडण मधल्या बॉक्सने सोसायचं. डांबरावर चाक घसरून मोकळं होत नाही, म्हणून तिथे लिव्हर अडकायचा. कातळावर ओढ आली, की झिजलेल्या दातांवरून सुटायचा. दात झिजवलेही त्याच भांडणाने. तुम्ही एवढी वर्षं ज्याला लाथा घातल्या, त्याची चूक नव्हती. तो बॉक्स रुसलेला नव्हता. गिऱ्हाइकासाठी टायर घातलेत ते समजतं, त्यावर आमचं घर चाललं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण उघडून न बघता त्याला बाद ठरवलंत, हे मी मान्य करत नाही. बॉक्सचंही नाही आणि माझंही नाही.

केडगावहून एका मापाचे चार टायर आणले. रविवारी सकाळी पुन्हा ड्रम भरले. आई न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसली. काका कातळाशेजारी दगड घेऊन तयार होते, गाडी घसरली तर चाकाला लावायला. "अजूनबी बांध ट्यूब. कुनी बगत न्हाई," ते हळूच म्हणाले, आणि ते थट्टेने नव्हतं. मी म्हणालो, "नाही बांधत." लिव्हर थरथरत होता. पुढची चाकं कातळावर चढली, मागची चढली, आणि समोर नुसतं आभाळ राहिलं. आई म्हणाली, "हळू घे, पानी सांडतंय." काका दगड हातात तसाच धरून गाडीमागून वर आले. रोपांना पाणी घालायला त्यांनीही बादली घेतली. उतरल्यावर डांबरी रस्त्यावर लिव्हर मी दोन बोटांनी काढला. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन काकांनीच केला.

हातात भीती आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलं होतं. ती गेलेली नाही. चढाआधी मी चारही चाकं अजून फिरून बघतो, आणि बघत राहणार. गाडीला असला हात कळत असेल तर कळू दे. ती चढते.

हे कागद सीटखाली पान्यांच्या पेटीत ठेवतो आहे. दुसरीकडे पाठवायला जागा नाही. पेटी उघडली तेव्हा एक गोष्ट दुरुस्त करावीशी वाटली. ट्यूब कापली असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. गाठ सोडवायला बराच वेळ लागला, पण सोडवली. गुंडाळून इथेच ठेवली आहे.