खरवडलेलं नाव

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड,
दि. ४ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. उज्वला हिस,

जगदेवी अक्काचे अनेक आशीर्वाद. अव्वाला माझा नमस्कार, शरणार्थी सांग, माझ्या भावाला चि. रविकिरणला आशीर्वाद, छकुलीला पापा. वि. वि.

पत्र बघून नवल वाटलं असंल. पोस्टातल्या बाईलाही वाटलं, तिनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. पण रविवारी तुमच्याकडून आल्यापासून मी फोन केला की तू 'बरं हाय अक्का' म्हणतीस आणि फोन अव्वाच्या हातात देतीस. सख्ख्या आईसमोर मला हे बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

उज्वला, केकवर ते नाव मी मुद्दाम काढलं नाही. छकुलीचा पहिला वाढदिवस, म्हणून शनिवारपासून मी त्याच्याच मागं होते. बिनअंड्याचा, दह्यातला, दोन थरांचा, मधे अननस. नाव मी नेहमी सगळ्यात शेवटी काढते, म्हणजे ओघळत नाही. रविवारी सकाळी तुमचे दाजी गाडी काढून हॉर्न वाजवून राहिले होते. मी चॉकलेटचा कोन हातात घेतला आणि ई काढला. छकुलीच्या ईशानी नावाचाही ई, ईश्वरीचाही ई. पुढं हात आपोआप गेला. तुझ्या थोरलीच्या बारशापासून तिचे सगळे केक मीच केले, हाताला तेच वळण पडलेलं. काय लिहिलं ते वाचलंही नाही, डबा झाकला.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं, डबा मांडीवर धरून मी दाजींना सारखी हळू म्हणून राहिले. वरचं एक फूल हललं नाही. आत काय घेऊन चालले तेच मला ठाऊक नव्हतं.

तू सगळ्यांसमोर झाकण उघडलंस, बघितलंस आणि परत ठेवलंस. तुझ्या तोंडाकडं बघून मी वाकून बघितलं. मग डबा उचलून स्वयंपाकघरात पळाले, सुरीनं नाव खरवडलं, त्या जागेवर जेम्सच्या गोळ्या लावल्या आणि बाहेर आणला. पाहुण्यांतल्या दोघा-तिघांनाच कळलं असंल. अव्वाला मात्र कळलं. तू केक कापलास, भरवलास, वाटलास, हसलीससुद्धा. स्वतः एक घास घेतला नाहीस.

ईश्वरी गौरी-गणपतीत तापानं गेली त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात कोणी तिचं नाव घेत नाही. अव्वानंच सांगितलं होतं, उगाळू नका. आणि मी ते चॉकलेटनं लिहून तिच्या धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला आणून ठेवलं. मला जेवण गोड लागंना झालंय.

तू रागव. चार शब्द सुनाव. पण 'बरं हाय' म्हणू नको.

मनातून उतरवू नकोस एवढंच मागणं.

तुझी,
जगदेवी अक्का

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
दि. ११ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. अक्कांच्या चरणी,

उज्वलाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सर्व क्षेम आहे. तुम्ही एवढं मनाला लावून घ्यावं असं काही झालेलं नाही. घाईत कोणाचंही होतं. केक सगळ्यांना आवडला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी घरच्यांसाठी म्हणून पुन्हा मागून नेला आणि जिन्यातच खाल्ला, असं त्यांची सून सांगत होती.

अव्वांचे गुडघे थंडीमुळं दुखतात. छकुलीला वरचे दात येत आहेत, हाताला लागेल ते चावते, परवा यांच्या दुकानाच्या किल्ल्या चावत बसली होती. यांना दुकानातून वेळ मिळत नाही. दाजींची खोकल्याची तक्रार कमी झाली का?

एक विचारायचं होतं. पण असू द्या, विचारण्यासारखं नाही ते.

आपला लोभ आहेच, तो कमी न व्हावा.

आपली,
उज्वला

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड,
दि. २४ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. उज्वला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिवरात्रीला सिद्धेश्वराच्या जत्रेला मी दरसाल येते. यंदा पाय मुरगळला म्हणून आले नाही, असं मी रविकिरणला सांगितलं. पायाला काही झालेलं नाही. अव्वाचा फोन आला होता. म्हणाली, वर्षाच्या लेकराच्या केकावर गेलेल्या लेकराचं नाव घातलंस, मला तीन दिवस दृष्ट काढावी लागली, उन्हाळ्यापर्यंत इकडं येऊ नको. मी हाव म्हणले. तिचं काय चुकलं?

इथं शेजारच्या आरतीच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. केक मलाच सांगितला होता. केक चांगला फुगला, क्रीम नीट बसलं. नावं कागदावर लिहून समोर ठेवली, आणि कोन हातात घेतला तर मला दोन अक्षरं धड काढता येईनात. शेवटी नुसती फुलं घातली आणि दिला. आरतीला म्हणले, आता बिननावाच्या केकाचीच पद्धत हाय. तिला खरं वाटलं. सगळ्यांना तेच सांगून राहिली असंल. त्यानंतर आलेल्या ऑर्डरी मी परत पाठवल्या. ओव्हन बिघडलाय म्हणले. खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की बरं जमतं.

तू काय विचारणार होतीस? पत्रातली ती ओळ मी रोज वाचते. शिवी असली तरी चालंल, पण विचार.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
जगदेवी अक्का

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
दि. ८ मार्च २०२६

ती. सौ. अक्कांच्या चरणी,

उज्वलाचा सा. न. वि. वि.

विचारते. तुम्ही सुरीनं खरवडलंत ते कुठं टाकलंत?

पाहुणे गेल्यावर मी ओट्यावर बघितलं, मोरीत बघितलं, केराचा डबा पेपरवर उपडा करून बघितला. जेम्सची रिकामी पाकिटं होती, ते नव्हतं. यांनी विचारलं, काय हरवलं? मी म्हणाले, कानातलं. मग हेही माझ्याबरोबर कानातलं शोधत बसले.

तुम्हाला वाटतं, ते नाव बघून मला तुमचा राग आला. तसं नाही हो अक्का. झाकण उघडायच्या जरा आधी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं छकुलीचा गाल ओढला आणि मला विचारलं, पहिलीच का? मी हाव म्हणाले. छकुली पोटात होती तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगते, एक डॉक्टर सोडून. खरं सांगितलं की समोरच्याचं तोंड उतरतं आणि मग मलाच त्यांची समजूत घालत बसावं लागतं. तर तसं म्हणाले आणि डब्याचं झाकण उघडलं. आत ईश्वरी. माझ्या पोटच्या पोरीला मी भरल्या घरात नाही म्हणाले, आणि ती तिथंच बसून ऐकत होती.

झाकण मी तिच्यासमोरून तोंड लपवावं तसं ठेवलं. तुम्ही डबा घेऊन आत गेलात, तेव्हा तुम्हाला थांबवावं असं फार वाटलं. ते पुसू नका म्हणावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? परत आणलात तेव्हा तिथं रंगीत गोळ्या होत्या. तो केक माझ्या घशाखाली कसा उतरला असता?

तुम्ही फोनवर माफी मागायला लागलात की मला पळून जावंसं वाटायचं, कारण चूक माझी आणि माफी तुम्ही मागताय. छकुली हसली की अजूनही मी आधी इकडंतिकडं बघते, कोणी हिशेब ठेवतंय की काय. हे यांच्याशी बोलता येत नाही. यांनी एकदाही तिचा विषय काढलेला नाही, आणि अव्वांपुढं तर काढायची सोयच नाही.

लिहिलं ते पोटात ठेवा. ओव्हन दुरुस्त झाला असं लोकांना सांगा.

आशीर्वादाला विसरू नका.

आपली,
उज्वला

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड,
दि. १७ मार्च २०२६

चि. सौ. उज्वला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

टाकलं नाही. खाल्लं.

नाव खरवडून सुरी मोरीकडं नेली, नळ सोडला, पण हात पुढं जाईना. मग तिथंच ओट्याशी उभ्यानं बोटानं चाटून सगळं खाल्लं. बाहेर तुम्ही गाणं म्हणून राहिला होता. तोंड पुसलं आणि गोळ्या लावायला घेतल्या. येडी म्हणतील म्हणून कोणाला सांगितलं नाही, दाजींनाही नाही.

'पहिलीच का' म्हणल्यावर काय म्हणावं, ते मला सांगता येत नाही. माझी दोन्ही पोरं धडधाकट हायत, मी कुठल्या तोंडानं शिकवू? पण तू तिला नाही म्हणलीस असं मला वाटत नाही. तू त्या बाईला टाळलंस.

बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी ईश्वरीचा वाढदिवस. तुला वाटलं तर केक कर. ओव्हन नसला तरी अडत नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढ, तळाला वाटीभर मीठ, वर जाळी, तिच्यावर भांडं. गॅस बारीक, आणि सारखं उघडून बघू नको, बसतो. मीही येऊ शकते, पण आले तर नाव मलाच काढायला लावशील. माझ्या हातून ते चुकून आलं. तुझ्या हातानं मनापासून येऊ दे. कोनाचं टोक बारीक काप.

आणि अव्वाला विचारून कर. तिच्या चोरून लेकराचा वाढदिवस करू नको. हवं तर हे पत्र तिला वाचून दाखव. मला बोलली तर बोलली.

कमी-जास्त लिहिलं असंल तर सांभाळून घे.

तुझी,
जगदेवी अक्का

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
दि. २३ एप्रिल २०२६

ती. सौ. अक्कांच्या चरणी,

उज्वलाचा सा. न. दाजींना नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र अव्वांना वाचून दाखवायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. गेल्या आठवड्यात त्यांची पूजा झाल्यावर शेजारी बसले आणि सगळं वाचलं. तुम्ही ते खाल्लंत तिथं त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाल्या, पोरगी गेल्यावर मला तिला हाक मारायची सवय मोडंना. दूध ओतलं की हाक मारायचे, दार वाजलं की मारायचे. कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून सगळ्यांचंच बंद केलं. जगदेवीला मी उगाच बोलले. एवढं बोलून त्या गव्हातले खडे काढायला बसल्या आणि खडे गव्हातच टाकत राहिल्या.

सोमवारी केक केला. तुम्ही सांगितलं तसा कुकरमधे. मी दोनदा उघडून बघितला, तेव्हा मधे थोडा बसला. मेणबत्ती आणली नाही. अव्वांनी समई लावली, आज विझवायचं काही नको म्हणाल्या. पाहुणे नव्हते, आम्हीच.

नाव मी काढलं. तिचं नाव मी शेवटचं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, त्यामुळं हात थांबत होता. ई मोठा झाला, श्व कसाबसा बसला आणि री मावेना, म्हणून कडेला काढली. वीज गेलेली, लातूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. बघता बघता री क्रीमसकट खाली घसरली.

हे दुकानातून येऊन नुसते उभे होते. त्यांनी चमचा घेतला आणि री उचलून वर बसवली. ती पुन्हा घसरली. त्यांनी पुन्हा बसवली, ती पुन्हा खाली आली. तेव्हा यांना हसू आलं. म्हणाले, ही अशीच होती, एका जागी बसायची न्हाई.

अक्का, अडीच वर्षांत यांच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मग हे खाली बसले आणि चमचा हातात तसाच धरून रडले. अव्वा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत सांगायला लागल्या, दुकानात गल्ल्यावर चढून बसायची, गिऱ्हाइकाला दादा म्हणायची. मलाही एकेक आठवायला लागलं. छकुलीनं तेवढ्यात केकात दोन्ही हात घातले. तिला कोणी रागावलं नाही. उरला तो केक आम्ही ताटातून खाल्ला, मीही खाल्ला.

अपराधी वाटणं गेलं असं म्हणत नाही. पण आता ते मी एकटी घेऊन बसत नाही.

अव्वा म्हणतात, सुट्टी लागली की जगदेवीला यायला सांग. या, आणि येताना काही करून आणू नका, नुसत्या या. दारात वाट बघते.

आपली,
उज्वला