गाड्यांच्या सवयींची वही

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या हातचं, आजपर्यंत: रेडिओचे सात डबे. ॲल्युमिनियमचे टिफिन आणले, छिद्रं मी पाडली. एरियल पितळी तारेची, ८.६ सेंटिमीटर — ८.५ नाही. आरोग्य उपकेंद्राच्या गच्चीवर एक खांब. प्रोग्रॅम, साडेतीन हजार ओळी. आणि वही: तीन वर्षं, दोनशे बारा पानं, रस्त्यावरची कोणती गाडी कधी कुठं जाते.

पदवी: नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

घाटाखाली गावात रेंज नाही. कोणती औषधं संपली ते नर्स सिंधूताई टाइप करतात. खांब तो निरोप जवळच्या गाडीतल्या डब्याला देतो, तो पुढच्या गाडीला, असं घाट चढत बुलढाणा. सगळ्यांनाच देत सुटलं तर गोंगाटात एकही पोचत नाही. म्हणून आधी ओळखायचं — खरंच वर कोण जाणार. सगळी अक्कल एवढ्यात आहे.

पुण्याच्या एका कंपनीचे दोघं आज आले, यातलं काय विकत घेता येईल ते बघायला. ऋत्विक आणि समीक्षा. ऋत्विकनं माझी खुर्ची रुमालानं पुसली, मग बसला. "काका, वेग आणि दिशा मिळाली की गाडी पुढं कुठं असेल ते निघतं."

काका! यांना गाडी कळते. गाडीवाला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज चाचणी. सकाळी नऊला त्यांच्या प्रोग्रॅमनं आणि माझ्या खांबानं एकच निरोप सोडला. पुण्याच्या प्रोग्रॅमला दिसला ट्रॅक्टर — तोंड बुलढाण्याकडे, ताशी बावीस. दिला त्याला. ट्रॅक्टर दीड किलोमीटरवर पऱ्हाटीच्या वावरात शिरला, कापूस भरायला. संध्याकाळपर्यंत तिथंच.

माझ्या खांबानं गोकुळची जीप निवडली. ती निघाली मोताळ्याकडे. ऋत्विक हसला, "उलटी गेली की, काका." जाऊ दे. गोकुळ आधी मागच्या वस्तीवरून सवाऱ्या गोळा करतो, भरली की वळतो. सत्तेचाळीस मिनिटांत निरोप बुलढाण्यात.

गोकुळला सांगितलं तर म्हणाला, "त्या पोट्ट्याले सांगा भाऊ, जीप तोंडाकडं नाही जात, सवारीकडं जाते."

११ नोव्हेंबर, मंगळवार

समीक्षा दोन दिवस वही वाचतेय. ही जरा बरी, पानाला थुंकी लावत नाही. आज विचारलं, "हा गोकुळ दर गुरुवारी बुलढाण्यात एका गल्लीत अठरा मिनिटं थांबतो. कुणी चढत नाही, उतरत नाही. काय आहे तिथं?"

असेल काही, म्हणालो. लिहिलं मीच होतं. विचार कधी केला नव्हता.

ऋत्विकचा बेत: वहीचा नकाशा करून प्रत्येक गाडीमालकाच्या फोनवर द्यायचा. आपली गाडी कुठं, किती वेळ उभी. "मालक खूश होतील, काका." याच्या डोक्यात मालकाशिवाय माणूसच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गोकुळच्याच जीपनं बुलढाण्याला गेलो. सवाऱ्या उतरल्या, मी बसून राहिलो. त्यानं गाडी त्या गल्लीत वळवली.

दारात प्रेरणा, त्याची पोरगी. तिनं मर्जीनं लग्न केलं तेव्हा गोकुळचा मोठा भाऊ वामनराव चारचौघांत म्हणाला होता, "जो तिच्या दारात जाईन, त्याले माह्या घरात पाय नाही." गोकुळ राहतो ते घर वामनरावांचं. जीपही त्यांचीच.

तिनं चहा दिला. आपल्या पोराला गोकुळच्या मांडीवर ठेवलं. अठरा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं, सवयीनं. लाज वाटली.

परतताना गोकुळ म्हणाला, "भाऊ, तुमच्या त्या डब्यात हे दिसते काय?"

"दिसते."

"अन् वहीत?"

"मिनिटासकट."

घाट उतरला. मग, "तुमची मेहनत हाय भाऊ. मी काय बोलू."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीला कळवलं, वही देणार नाही. आठ लाख चाळीस हजार देत होते, नुसत्या वहीचे. डबे, खांब, प्रोग्रॅम त्यांना फुकटही नको होते.