एकेचाळीस पत्रांचा सारांश

रविवार, ३ नोव्हेंबर २०१९

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी उत्तराला उशीर करणाऱ्यांतली नाही, त्यामुळे तू काळजीत पडला असशील. आम्ही दोघं ठीक आहोत. एल्वुडचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. तिथल्या नर्सशी तो बास्केटबॉलवरून वाद घालतो आणि आपणच जिंकलो असं घरी येऊन सांगतो. डार्लाला आणि मुलींना माझी आठवण सांग. थोरलीचे पुढचे दोन्ही दात एकदम पडले, हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसले.

आमचं ऑफिस आता बिझनेस स्कूलच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, तू पाहिलेलं नाहीस. सगळ्या भिंती काचेच्या. जुन्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेत माझ्या टेबलामागे ती कोंदट खोली होती, कुणाला रडू आलं तर मी तिथे बसवायचे. इथे कुणाला रडवत नाहीत असं समजू नकोस, फक्त बसवायला जागा नाही. कॉफी मात्र चांगली मिळते.

तू जे विचारलंस ते टाळण्यासाठी मी हे सगळं लिहितेय. याआधी तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा कॉफीपाशी येऊन थांबले.

आपला आरोग्य प्रशासनाचा अभ्यासक्रम बिझनेस स्कूलकडे न्यायचा की नाही हे ठरत होतं, तेव्हा तू पाठवलेलं पत्र वाचून प्राध्यापक सभेच्या समितीत कोण काय म्हणालं, असं तू विचारलं आहेस. पूर्वी दरवर्षी आपला एक विद्यार्थी वर्षभर तुमच्या हॉस्पिटलात येऊन राहायचा. आता तो शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सहा आठवडे जातो. तू लिहिलंस की त्यावरून तुमच्या हार्डिन फोर्कच्या गावसभेत लोक युनिव्हर्सिटीला नावं ठेवत होते, आणि तू उभा राहून म्हणालास, "त्यांनी आपलं ऐकून घेतलं आणि मग ठरवलं. यात आपला अपमान काही नाही." तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, "ऐकलं हे तुला कुणी सांगितलं?" त्यावर तू म्हणालास, "तिथे मिस व्हर्लीन आहेत. त्यांच्या हातून कागद गहाळ होत नाही."

ऑरिन, तुझं पत्र समितीपुढे गेलंच नाही. ते माझ्या कपाटात होतं. तुझं धरून एकेचाळीस पत्रं होती.

ती गहाळ झाली नव्हती. मी ठेवून घेतली होती.

झालं ते असं. अडीच वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, आपल्या अभ्यासक्रमाचे प्रमुख डॉ. गँट्री यांनी मला सांगितलं की माजी विद्यार्थ्यांची पत्रं येतील, त्यांचा एक पानाचा सारांश कर आणि पत्रं मागे जोड. त्याच आठवड्यात बिझनेस स्कूलचे डीन आमच्याकडे येऊन गेले. माझ्या टेबलाचं कौतुक केलं, आणि जाता जाता म्हणाले, "सगळं सुरळीत पार पडलं, तर तुमची जागा आमच्याकडे आहे तशी येईल. विम्यासकट." माझ्या विम्यावर एल्वुडचं डायलिसिस चालतं हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. मला माहीत होतं.

पत्रं येत गेली. अडतीस जण विरोधात होते. मी गँट्रींना तसं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर, व्हर्लीन. तुझ्या समजेवर माझा भरवसा आहे."

एवढंच. लपव असं मला कुणी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं, म्हणजे आज सबब म्हणून तुला लिहायला काहीतरी असतं. सारांशात मी दोन वाक्यं लिहिली: "पत्रं मोजकीच आली. मतं संमिश्र आहेत." मागे काहीही जोडलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. मतदान पाच विरुद्ध चार झालं.

तुझं पत्र सगळ्यांत मोठं होतं, हाताने लिहिलेली सहा पानं. आपल्या एका विद्यार्थिनीने काउंटीभर फिरून नोंदी गोळा केल्या आणि तुमच्यानंतरचं जवळचं प्रसूतिगृह सत्तर मैलांवर आहे हे राज्याला पटवून दिलं, म्हणून तुमच्या बाळंतपणाच्या खाटा कशा वाचल्या, ते त्यात होतं. चौथ्या पानावर तू माझ्याबद्दल लिहिलं होतंस. परीक्षेच्या आठवड्यात तुझे वडील गेले आणि मी तुला माझ्या गाडीने घरी पोचवलं, तो दिवस. "विद्याशाखा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं," असं तू समितीला सांगितलं होतंस. तिथपर्यंत वाचून मी पत्राची घडी घातली.

पुढची दोन पानं मी आत्ता ऑक्टोबरमध्ये, तुझं हे नवं पत्र आल्यावर, पहिल्यांदा वाचली. त्यांत तू काहीच मागितलं नव्हतंस. निर्णय काहीही होवो, फक्त आमच्या लोकांना तो समजावून सांगता येईल असं उत्तर द्या, इतकंच लिहिलं होतंस. उत्तर आलं नाही, तर तू ते स्वतःच तयार केलंस आणि त्यावर माझं नाव घातलंस.

आणि आता तू एका ओळीत लिहितोस की जानेवारीपासून बाळंतपणाच्या खाटा बंद होणार. माझ्या दोन वाक्यांनीच त्या बंद झाल्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. पण एका मताने ठरलेल्या गोष्टीत माझी दोन वाक्यं होती.

मी आधी एल्वुडला सांगितलं. तो घेवडा आणि मक्याचा ब्रेड खात होता. माझी जागा माझ्या कामामुळे टिकली असं तो सगळ्यांना अभिमानाने सांगत आलाय. सगळं ऐकून त्याने चमचा खाली ठेवला.

"माझ्यासाठी केलंस असं त्या पोराला लिहू नकोस," तो म्हणाला.

"मग कुणासाठी केलं?"

"ते तुझं तू बघ. मला विचारलं नव्हतंस. मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस."

एरवी त्याला मीच नेते, पण त्यानंतर दोनदा तो माझ्या भावजयीच्या गाडीतून डायलिसिसला गेला.

गुरुवारी मी पत्रांचं खोकं घेऊन गँट्रींकडे गेले. ते म्हणाले, "मी तुला लपव म्हणालो नव्हतो."

"नव्हता म्हणालात. मीही तेच लिहून देणार आहे."

"आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

मी खोकं उचललं. तशीच खाली उतरले आणि प्राध्यापक सभेच्या कार्यालयात गेले. तिथे आयनेझ कोर्बेल असतात, माझ्याइतक्याच जुन्या. पत्रांवर शिक्का मारायला घेतला आणि थांबून त्यांनी विचारलं, "तारीख कुठली टाकू? पत्रं आली ती, की तू आणून दिलीस ती?"

"दोन्ही टाका," मी म्हटलं. त्यांनी एकेचाळीस वेळा दोन्ही टाकल्या. मी समोर उभी होते. त्या नेहमी मला बसायला सांगतात, त्या दिवशी सांगितलं नाही.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. अभ्यासक्रम परत जुन्या जागी जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर्षभर खेड्यात राहण्याचा भाग पुन्हा ठेवायचा का, यावर वसंतात चर्चा होईल, आणि त्या वेळी पत्रं आधी वाचली जातील. शब्द मात्र कसलाच दिला नाही. तुलाही बोलावतील. मला लेखी खुलासा द्यायचा आहे. त्यानंतर मला ठेवतात की काढतात ते माहीत नाही. एल्वुड म्हणतो, बघू.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तू स्वभावाने लगेच करशील आणि मी लगेच घेईन, आणि मग तुझ्या गावाला कुणीच काही सांगणार नाही. त्याऐवजी एक कर. पुढच्या गावसभेत पुन्हा उभा राहा आणि सांग, की मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं, आपलं म्हणणं कुणी ऐकलंच नाही, कारण ते ऐकणाऱ्यांपर्यंत पोचू दिलं नाही. तुझे सासरे विचारतीलच, कुणी पोचू दिलं नाही म्हणून. तेव्हा हे पत्र सगळ्यांसमोर वाच. ते वाचता यावं म्हणून खाली नाव पूर्ण लिहितेय, हुद्द्यासकट.

व्हर्लीन रूथ स्टॅम्पर
समन्वयक, आरोग्य प्रशासन पदव्युत्तर अभ्यासक्रम
सारांश मी लिहिला.