कोनाडा आणि घंटा

३ मार्च

नात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. काम काय विचारलं तर म्हणते, "आजी, एक मोठी मशीन असते. तिच्या पोटात पुष्कळ मशिनी, पण खोट्या. प्रत्येकीला वाटतं, सगळं घर माझंच." म्हटलं, "पगार तरी खरा देतात ना? मग झालं!"

६ मार्च

आज जरा कळलं. या खोट्या मशिनी राहतात एकाच पेटीत, पण एकीचा निरोप दुसरीला द्यायचा तर तो आधी घराबाहेर जातो, सगळा रस्ता फिरून परत येतो. खोळंबा नुसता! म्हणून नात मधे एक सामाईक कोनाडा करतेय, आपल्या जिन्यात आहे तसा. एकीने ठेवायचं, दुसरीने उचलायचं. "एका घरात राहून निरोप फिरून जायचा, तुझं नि आईचं आहे तसंच गं," म्हणाली. आगाऊ कार्टी! सून वर राहते, मी खाली. बोलणं बंद. भांडण कशावरून, ते आता कुणाला आठवतंय? निरोप नात नेते-आणते. माझ्या सुईत दोराही तीच ओवते. डोळे गेले, तोंड शाबूत आहे.

११ मार्च

नात तोंड पाडून आली. एकीचा निरोप कोनाड्यात अर्धाच ठेवून झाला होता, तेवढ्यात दुसरीने उचलला. सगळा घोळ! साहेब म्हणाला, "शुक्रवारी सगळ्यांसमोर चाललं नाही, तर काम दुसऱ्याकडे." मी म्हटलं, "रडायचं तर जेवून रड." जेवली. रडली नाही. माझी नात आहे!

१४ मार्च

चाललं! निरोप पुरता ठेवला की घंटा — घंटेआधी कुणी हात लावायचा नाही. तिचं तिनेच काढलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो म्हणे. साहेबाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मास्तरणीला मी दोनदा सांगितलं. तिचा जावईही कॉम्प्युटरवाला — दारच लोटून घेतलं तिने!

१७ मार्च

नातीला मोठ्या कचेरीत बोलावलंय. परगावी. कायमचं. "आई खूश आहे," हा वरचा निरोपही तिनेच आणला. मग म्हणाली, "आता तुम्ही दोघी काय करणार गं?" मी म्हटलं, "तू तुझी बॅग भर."

२३ मार्च

गेली. वर सून, खाली मी. भिंती बोलतील एक वेळ.

२६ मार्च

पोलक्याचं बटण तुटलं. सुई-दोरा जिन्यातल्या कोनाड्यात ठेवला, वाटीवर चमचा वाजवला आणि खाली येऊन बसले.

थोड्या वेळाने वरून चमचा वाजला.

दोरा ओवलेला. गाठसुद्धा मारलेली.